शांत स्वभावाच्या माणसाने रश करावा का?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. देवगडकडचा तू, वय १९, दीड वर्ष एज ऑफ एम्पायर्स २ हा राज्य उभारून लढायचा खेळ ऑनलाइन खेळतोयस आणि रेटिंग साडेनऊशे ते हजारच्या मध्ये घुटमळतंय. सुरुवातीला शेतं, घरं, लाकूड सगळं नीट लावत बसतोस आणि दहाव्या-बाराव्या मिनिटाला समोरच्याचे तीन घोडे येऊन विचका करून जातात. मित्र म्हणतात, तुझा स्वभावच शांत, तू बचावाचाच खेळाडू. कुठल्याशा ऑनलाइन चाचणीनेही तुला ‘बांधणारा’ असा शिक्का मारलाय. आता स्वभावाला शोभेल अशी सिव्ह (खेळातली संस्कृती) नि नकाशे निवडावेत, की मन मारून रश, म्हणजे सुरुवातीलाच हल्ला, शिकावा, हे तुला विचारायचंय. शेवटी हळूच विचारलंयस की द्रविड ही सिव्ह घेऊ का.

वय लिहिलंयस म्हणून अरे-तुरे करतोय, माझा मुलगा तुझ्याहून मोठा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात एसटी स्टँडसमोर नऊ वर्षं माझं सायबर कॅफे होतं. सहा मशीन, लॅन, आणि संध्याकाळी शाळा सुटली की सहाच्या सहा मशीनवर एज. कॅफे गेलं, आता मुलांना बुद्धिबळ शिकवतो आणि रात्री जेवणं झाली की स्वतः एक-दोन डाव टाकतो. माझं म्हणणं या दोन धंद्यांत जे पाहिलं त्यावरचं आहे. तुझे डाव मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे काही गोष्टी अंदाजाने बोलणार, त्या कुठल्या ते त्या-त्या जागी सांगेन.

आधी तुझी एक गफलत. ‘मला काय आवडतं’ आणि ‘मी का हरतो’ हे दोन वेगळे प्रश्न तू एकाच पिशवीत भरलेस. खेळाडूंचे प्रकार पाडायची जी प्रसिद्ध पद्धत आहे, ती रिचर्ड बार्टल या ब्रिटिश माणसाने १९९६ साली मांडली. काही मिळवायला येणारे, शोध घ्यायला येणारे, माणसं भेटतात म्हणून येणारे आणि दुसऱ्याला त्रास देण्यात ज्यांना मजा येते ते, असे चार. पण त्याच्यासमोर होते मजकुरावर चालणारे, अनेकांनी मिळून खेळायचे जुने संगणकी खेळ. तिथे जिंकण्या-हरण्याचा आपल्यासारखा हिशेब नव्हता. पुढे मॅजिक या पत्त्यांच्या खेळाच्या मार्क रोझवॉटरने टिमी, जॉनी आणि स्पाइक अशी तीन नावं पाडली. टिमीला दणका हवा, जॉनीला स्वतःचं डोकं लढवून काहीतरी अजब जुळवून दाखवायचंय, स्पाइकला फक्त जिंकायचंय. हे सगळं खरं आहे आणि उपयोगाचंही आहे. पण माणूस खेळायला का बसतो, एवढंच त्यातून कळतं. बसल्यावर दहाव्या मिनिटाला त्याने काय करावं, याचं उत्तर त्यात शोधायला गेलास तर फसशील. तुझ्या चाचणीने तुला बांधणारा ठरवलं म्हणजे तुला बांधायला आवडतं, एवढंच. कुंपण न घालता शेतं लावत बसायला आवडतं असं काही त्यात लिहिलेलं नसणार.

आता स्वभावाबद्दल. आमच्या घरी गणपतीत मुंबईकर आले की आरती आटोपून रात्री मेंढीकोट बसतो, अजून बसतो. माझे एक काका होते, गडग्यावरून (कुंपणाच्या दगडी बांधावरून) चार घरांशी भांडलेले, आवाज असा की वाडीत कुणाला निरोप द्यायला फोन लागत नसे. तो माणूस पत्ते हातात आले की कंजूष व्हायचा. हुकमाचा एक्का शेवटपर्यंत उराशी धरून. समोरचे दश्शी घेऊन जातायत, हा आपला छोटी पानं टाकतोय, एक्का पुढे कामाला येईल म्हणून. आणि माझी आजी, दिवसभरात दहा वाक्यं बोलली तर खूप. ती दुसऱ्या-तिसऱ्या हाताला बेधडक कापायची आणि दश्शी ओढून घ्यायची. एकदा काकांचा एक्का असाच हातात कुजला आणि समोरच्यांनी चारही मेंढ्या (दश्शी) घेऊन कोट दिला, तेव्हा आजी एवढंच म्हणाली, “हुकूम काय लोणच्याक ठेवलंस रे?” लाकडी झोपाळ्यावर बसलेली आख्खी ओसरी हसली. काका तांबडे-लाल झाले आणि पुढच्या डावाला परत तेच.

सांगायचं कारण असं की माणूस चारचौघांत जसा असतो तसाच तो पटावर असेल, हे मी फार वेळा खोटं ठरताना पाहिलंय. बुद्धिबळात बघ. मिखाईल ताल १९६० मध्ये २३व्या वर्षी जगज्जेता झाला तो मोहरे उधळत, हल्ल्यावर हल्ले करत. तोच ताल १९७३-७४ मध्ये सलग ९५ डाव हरला नाही. नुसत्या आगीवर कुणी ९५ डाव सांभाळत नाही. आणि पेट्रोशियन, ज्याची सगळी ख्याती पोलादी बचावाची, त्याने १९६६ च्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात स्पास्कीविरुद्धचा दहावा डाव वजिराचं बलिदान देऊन संपवला. ‘हा हल्लेखोर, हा बचाववाला’ ही पाटी बाहेरून बघणाऱ्यांच्या सोयीसाठी असते. आतल्या माणसाला दोन्ही यावं लागतं.

मग शैली येते कुठून? माझ्या कॅफेत मी ती डोळ्यांसमोर तयार होताना पाहिली, म्हणून हे जरा खोलात सांगतो. अर्ध्या तासाचे दहा रुपये होते. मुलांकडे दहाच असायचे. शिवाय तेव्हा भारनियमन, लाइट कधी जाईल ते वेळापत्रकावर लिहिलेलं असायचं आणि वेळापत्रक पाळलं जायचं असंही नव्हतं. तीस मिनिटांत डाव संपवायचाय आणि मध्येच अंधार होऊ शकतो, तर कोण कॅसल एजची (डावातल्या तिसऱ्या युगाची) वाट बघेल? सगळी पोरं रश करायची. त्यात बंदरावरच्या एका मच्छीमाराचा मुलगा होता, इतक्या हळू बोलायचा की पैसे देताना ‘अर्धा तास’ म्हणाला तेही मला दोनदा विचारावं लागे. त्याचा रश सगळ्यात क्रूर. दीड-दोन वर्षांनी तो शिकायला पुण्याला गेला, हॉस्टेलवर मशीन फुकट, रात्रभर लाइट. मे महिन्यात परत आला तो पक्का बूमवाला, म्हणजे आधी पैसा उभा करणारा, होऊन. स्वभाव तोच, आवाज तोच. बदलला होता तो मीटर.

तुझ्यावर माझा पहिला संशय हाच आहे, आणि हा अंदाज आहे हे लक्षात घे. तू सुरुवातीला बहुतेक संगणकाविरुद्ध खेळून शिकलास. सोप्या पातळीचा संगणक लवकर येत नाही, म्हणून निवांत बांधायची सवय लागली. त्या सवयीला आता तू स्वभाव म्हणतोयस, मित्रही म्हणतायत.

आता प्रत्यक्ष डावाकडे येऊ. रश म्हणजे शौर्य असं तुझ्या प्रश्नात कुठेतरी दडलंय. ते काढून टाक आणि हिशेब मांड. तीन स्काउट (ते हलके घोडेस्वार) म्हणजे २४० अन्न. एक गडी ५० अन्नाचा. (आमच्या कॅफेत काम करणाऱ्या व्हिलेजरला गडीच म्हणायचे, तटबंदीला गडगा. तीच सवय राहिलीय.) म्हणजे तो तीन घोड्यांवर जवळजवळ पाच गड्यांचे पैसे लावून आलाय, वर तबेल्याचं १७५ लाकूड. हे पैसे वसूल झाले नाहीत तर तो डावात तुझ्या मागे पडलाय. तुमच्याकडे आंब्याची कलमं असतील तर तुला हे वेगळं समजवायला नको. पहिली पेटी वाशीला लवकर पोचली तर भाव चढा मिळतो, पण त्यासाठी लवकरच्या मोहरावर भरवसा ठेवावा लागतो, आणि मध्ये एक अवकाळी सर आली की तो मोहर गेला. लवकर जाणारा बागायतदार काही शूर नसतो आणि उशिरा जाणारा भित्रा नसतो. दोघं वेगवेगळी जोखीम विकत घेत असतात.

तर तो वसुलीला आलाय, आणि ती वसुली त्याला कोण देतं? बहुतेक तूच. घोडे दिसले की तू सगळ्या गड्यांना आत लपवणारी घंटा वाजवतोस, बरोबर? हजारच्या आसपासचे बरेच जण वाजवतात. टीसीत (टाउन सेंटर, गावाची मुख्य इमारत) १५ गडी मावतात. ते १५ जण एक मिनिट आत बसले म्हणजे एका गड्याची पंधरा मिनिटांची मजुरी बुडाली. त्याने प्रत्यक्षात दोन गडी मारले असते तर १०० अन्न नि त्या दोघांचं पुढचं काम गेलं असतं. तुझं खरं नुकसान घोड्यांनी कमी आणि घंटेने जास्त केलं. आणि बाहेर आल्यावर त्यातले पाच-सहा नुसतेच उभे राहतात, ते तुला दोन मिनिटांनी दिसतात.

म्हणून नेमकं काय कर ते सांगतो. हरलेल्या शेवटच्या दहा डावांची रेकॉर्डिंग उघड. गेममध्येच ती साठवलेली असतात. प्रत्येकात फक्त तीन गोष्टी कागदावर लिही: शत्रूचा पहिला सैनिक तुझ्या हद्दीत कितव्या मिनिटाला आला, त्या क्षणी तुझा स्वतःचा स्काउट कुठे होता, आणि पुढचं एक मिनिट तुझ्या टीसीत नवा गडी बनत होता का. बाकी काही बघू नकोस, स्कोअरचे आलेख तर अजिबात नको. माझ्याकडच्या मुलांना हे करायला लावलं तेव्हा दुसऱ्या रकान्यात जवळपास सगळ्यांचं उत्तर एकच निघालं, की स्काउट नकाशाच्या कोपऱ्यात कुठेतरी उभा होता, त्याला विसरून गेलो.

इथे तुझ्या हरण्याचं मूळ आहे असं मला वाटतं. तू शांत आहेस म्हणून नाही, तू बघत नाहीस म्हणून हरतोयस. माझ्या आजोळी म्हणतात तसं, “आदी तो काय करता ता बघ, मगे तुजा डोक्या चालव.” समोरचा फ्यूडलला (दुसऱ्या युगात) जायच्या बेतात असताना त्याच्या घरी एक फेरी मार. सोन्यावर गडी नाहीत आणि सगळे अन्नावर नि लाकडावर आहेत, तर घोडे येणार, कारण स्काउटला सोनं लागत नाही. सोन्यावर गडी दिसले तर तिरंदाज किंवा तलवारवाले. घोडे येणार असतील तर दोन भालेवाले पुरतात, दोघांचे मिळून ७० अन्न नि ५० लाकूड. तिरंदाज असतील तर स्कर्मिशर (भाला फेकणारे). तिसरी शक्यता लोक विसरतात: त्याच्याकडे लष्कराची एकही इमारत नाही, तोही तुझ्यासारखाच शेतं लावत बसलाय. तेव्हा खुशाल हावरा हो, बूम कर, तिथे तुझा हात चालतो. बहुतेक सिव्हना दुसरा टीसी कॅसल एजशिवाय बांधता येत नाही, तेव्हा तोवरची ही पाच-सात मिनिटं अंगावर येऊ न देणं एवढंच तुला शिकायचंय. ‘शैली बदलणं’ म्हणून जे डोंगराएवढं वाटतंय ते दोन भाले आणि एक फेरी इतकं आहे.

मग रश शिकायचा की नाही? शीक. पण जन्मभरासाठी नको, वीस डावांसाठी. रेटिंग न जाणारे डाव खेळ आणि वीसही डावांत स्काउट रशच कर, जमो न जमो. यातून तू रशर होशील अशी माझी अजिबात अपेक्षा नाही. मला हवंय ते वेगळं. तुझे तीन घोडे बाहेर असताना समोरून दोन भालेवाले आले की पोटात कसा गोळा येतो ते तुला एकदा कळायला हवं. घोडे परत न्यायचे तर पैसे बुडाले, पुढे न्यायचे तर घोडे मेले, आणि तिकडे मागे आपल्या टीसीचं काम थांबलंय. हल्ला करणाऱ्याची ही तारांबळ ज्याने आतून अनुभवली तो पुढे घंटा वाजवत नाही. बुद्धिबळातही मी बचाव आवडणाऱ्या मुलांना महिनाभर फक्त राजावर हल्ल्याच्या ओपनिंगा खेळायला लावतो. बहुतेक जण नंतर आपल्या जुन्या घरी परत येतात, फक्त येताना दार कुठून फुटतं ते पाहून येतात.

यावरून माझाच एक किस्सा. कॅफेच्या दिवसांत मी स्वतःला ‘गडगेवाला’ म्हणवून घ्यायचो, अभिमानाने. शेजारच्या तालुक्यात एक छोटी लॅन स्पर्धा होती, तिथे उपांत्य डावात मी चहूबाजूंनी दगडी तट घातला, मागे बुरूज, सगळं कसं रेखीव. समोरच्या मुलाने हल्ला केलाच नाही. त्याने माझा तट एकदा येऊन बघितला आणि घरी जाऊन तीन टीसी टाकले. नकाशावरचे सगळे रेलिकही (सोनं मिळवून देणारे पवित्र अवशेष) उचलून नेले. चाळीस मिनिटं मी गडग्याच्या आत सुरक्षित आणि गरीब होतो. शेवटी तो आला तेव्हा माझा तट किती सुंदर होता याने कुणाला काही फरक पडला नाही. तेव्हा मी ज्याला शैली म्हणत होतो ती खरं तर भीती होती: उघड्यावर लढाई झाली तर आपले हात कीबोर्डवर भराभर चालत नाहीत, ही. तुझ्या बांधकामातही अशी काही भीती आहे का ते तुझं तूच बघ, मी इथून सांगू शकत नाही.

स्वभावाचं काहीच चालत नाही असंही मी म्हणणार नाही. तो दोन जागी चालतो. एक, हरल्यावर. काही मुलं हरली की त्याच सेकंदाला पुढचा डाव लावतात आणि ओळीने चार हरतात. अशांना मी हरल्यावर उठून पाणी पिऊन यायला लावतो. तू शांत असशील तर तुझा धोका उलटा: एक वाईट हार झाली की दोन दिवस खेळायलाच बसायचं नाही. दुसरं, जिथे दोन बेत सारखेच चांगले आहेत तिथे मनाला जो रुचतो तो घ्यावा, कारण त्याचाच सराव माणूस कंटाळा न करता करतो. पण ते दोन बेत खरंच सारखे आहेत का हे कळायला दोन्ही खेळून झालेले असावे लागतात.

बाकी बरंच परिस्थितीवर आहे. अरेबियासारख्या उघड्या नकाशावर वरचं सगळं लागू. ब्लॅक फॉरेस्टसारख्या दाट जंगलाच्या नकाशावर दोन-तीन वाटा बंद केल्या की तुझं निवांत बांधकाम चालून जाईल, पण तिथेच राहिलास तर रेटिंग वाढेल आणि खेळ तिथेच राहील. चौघा-चौघांच्या डावात मधल्या जागा, ज्यांना पॉकेट म्हणतात, तिथे तुझ्यासारखाच माणूस हवा असतो: कडेचे दोघं झुंजत असताना मागे पैसा उभा करून नाइट (जड घोडेस्वार) काढणारा. मित्रांबरोबर खेळताना हक्काने ती जागा माग. आणि पावसात तुमच्याकडे लाइट जाते हे गृहीत धरून रेटिंगचे डाव जून ते सप्टेंबर बेताने खेळ. अर्ध्यात वीज गेली की तो डाव हरलाच म्हणून मोजतात आणि त्याचा तुझ्या स्वभावाशी काही संबंध नसतो.

आता द्रविड. आपल्याकडचे म्हणून ओढ वाटते, कळतं. २०२२ मध्ये बंगाली आणि गुर्जरांबरोबर आले तेव्हा मीही आधी तेच घेऊन बसलो होतो. दर एजला फुकट लाकूड मिळतं, पाण्यावर चांगले आहेत. पण त्यांच्याकडे नाइट नाहीत, आणि शिकण्याच्या टप्प्यावर दणकट घोडदळाशिवाय अरेबियावर उतरणं म्हणजे बांगडे पकडायला गळ घेऊन जाण्यासारखं आहे, मिळतील पण दिवस जाईल. सध्या तीन महिने फ्रँक्स घे. गिरणीतली शेतीची संशोधनं फुकट, म्हणजे तुझी बांधायची हौस भागते, आणि घोडे दणकट, म्हणजे ते वीस स्काउट रशही त्याच सिव्हवर उरकतात. सिव्ह मध्येच बदलू नकोस. ती तीन रकान्यांची दहा डावांची यादी झाली की इथेच टाक. मधला रकाना आधी वाचेन.